पाठमोरी खुर्ची

बाळाच्या तयार खाण्याच्या काचेच्या बाटल्या गेल्या, तेव्हा मात्र थोरल्याला राहवेना. ओट्सचे पुडे गेले तेव्हा तो गप्प बसला होता. दुधाच्या पावडरीचे डबे गेले तेव्हा त्यानं बायकोच्या कानावर घातलं आणि बायको म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?" तिनं तसं काहीच म्हटलेलं नव्हतं. पण बुधवारी जुळ्यांची आई कोठीत आली, खालच्या कप्प्यापाशी वाकली आणि रिकाम्या हातांनी उठली. तिच्यासाठी म्हणून सहा बाटल्या तिथे ठेवल्या होत्या. "असू दे, पुढच्या वेळी बघू," एवढंच म्हणून ती दोन लेकरं दोन खांद्यांवर टाकून निघून गेली. थोरला तेव्हा खुर्चीवर होता. ती वळणाआड जाईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला, आणि घरातला चोर घरातच धरायचा असं त्यानं तिथल्या तिथे ठरवलं.

शुक्रवारी चार वाजता त्यानं सगळ्यांना कोठीत बोलावलं. शनिवारी सकाळी नऊला कोठी उघडायची होती, त्याआधी काय तो सोक्षमोक्ष लागायला हवा होता.

कोठी म्हणजे बाबांची जुनी कार्यशाळा. बाबांनी जन्मभर लोकांचे तराजू दुरुस्त केले, आणि शेवटी शेवटी याच खोलीत धान्य, डबे, पाव ठेवून गरजवंतांना द्यायला लागले तेव्हा मात्र एकही तराजू आत राहू दिला नाही. माप नाही, यादी नाही, चौकशी नाही. दाराशी एक खुर्ची, तिचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ फडताळांकडे. घरातल्या कुणीतरी तिच्यावर बसायचं, येणाऱ्याला 'या' म्हणायचं आणि मागे वळून बघायचं नाही. आपल्या हातानं निवडायचं, आठवड्यापुरतं घ्यायचं, एवढाच नियम. देणारा टक लावून बसला की घेणाऱ्याचा घास कडू होतो, असं बाबा म्हणत. बाबा गेले तरी रीत चालू राहिली. थोरल्यानं ती कधी मोडली नव्हती. पण त्या खुर्चीवर बसलं की त्याची मान अवघडून जायची, हेही खरं.

सगळ्यांच्या आधी येऊन त्यानं दाराची चौकट पुन्हा एकदा तपासली. बुधवारी धाकट्या भावानं गाडी रिकामी केल्यावर थोरल्यानं स्वतः कुलूप लावलं होतं आणि दाराच्या फटीवर खालच्या बाजूला कागदाची एक बारीक पट्टी चिकटवली होती. ती जशीच्या तशी होती. आणि आत फडताळावरच्या नव्या बाटल्यांपैकी तीन गेल्या होत्या, केळ्यांचा अर्धा घड गेला होता.

"पट्टी तशीच आहे," बायको आली तसा तो म्हणाला. ती शाळेतून थेट आली होती. सकाळी सातला बाहेर पडलेली, खांद्यावर वह्यांची पिशवी, कपाळावर दिवसभराचा वैताग.

"मग कोणी आलंच नसेल."

"कोणी आलं नाही तर बाटल्यांना पाय फुटले का? पट्टी काढून परत चिकटवलीय. कुलपाला चावी लागते आणि पट्टी परत चिकटवायला अक्कल लागते."

"आणि आतलं दार?"

"ते आईच्या खोलीत उघडतं. तिथून यायचं तर आईच्या पलंगावरून उडी मारून यावं लागेल."

थोरलीनं पिशवी टेबलावर ठेवली. "पट्टी लावताना तुम्हाला कोणी बघितलं होतं?"

थोरल्यानं उत्तर द्यायला जरा वेळ घेतला, कारण उत्तर त्याला दोन दिवसांपासून ठाऊक होतं. "धाकटी समोरून जात होती. काय करताय दादा, म्हणाली. मी म्हटलं, वाळवी बघतोय."

"झालं तर मग," थोरली म्हणाली.

थोरलीचं जावेशी उघड भांडण कधी झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान निचरा झाला असता. धाकटी या घरात सून म्हणून आली त्याच्या कितीतरी आधी, आठ-नऊ वर्षांची असताना, स्वतःच्या आईच्या हातातली पिशवी धरून याच कोठीत येत होती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीही बोलत नव्हतं. सासूबाईंचा तिच्यावर जरा जास्त जीव होता. थोरली वीस वर्षं वर्ग सांभाळत होती. कोणाच्या दप्तरात दुसऱ्याची पेन्सिल आहे हे तिला चेहऱ्यावरून कळायचं असा तिचा समज होता. धाकटीच्या बहिणीला पाच महिन्यांचं बाळ होतं. गेलेल्या वस्तू मांडून बघितल्या तर दोन आणि दोन चारच होत होते. फक्त एक गोष्ट तिला खटकत होती. नवऱ्यानं सगळ्या चाव्या स्वतःकडे घ्यायचं ठरवलं होतं, तेही तिला न विचारता. तिची चावीसुद्धा.

"माझ्यावरही संशय आहे का तुमचा?" तिनं विचारलं.

"नियम म्हणजे सगळ्यांना नियम."

"म्हणजे आहे."

तो टेबलावर कार्डांचा गठ्ठा नीट करत राहिला. छापून आणलेली दोनशे कार्डं होती. उद्यापासून कार्ड दाखवल्याशिवाय आत यायचं नाही, आणि खुर्ची फिरवून फडताळांकडे तोंड करून ठेवायची, असा त्याचा बेत होता.

धाकटा आला तो गाडीची किल्ली बोटात फिरवत. दुकानादुकानांतून उरलेला माल गोळा करून कोठीत आणायचं काम त्याचं. पोटापाण्याला तीच गाडी दिवसभर दुसऱ्यांचं सामान वाहायची. तो आला की खोली जरा हलकी व्हायची. आज झाली नाही.

"काय दादा, खटला कोणावर आहे?"

"बस."

"आरोपी बसत नाहीत, उभे असतात." कोणी हसलं नाही तेव्हा तो बसला.

मग आतलं दार करकरलं आणि आई आली. गुडघ्यावर हात ठेवत, भिंतीच्या आधारानं. तिच्या अंगावरचं पातळ गेल्या महिन्यापेक्षा सैल दिसत होतं, पण ते बघायला तिच्याकडे नीट बघावं लागलं असतं. ती कोणाशी न बोलता थेट खुर्चीपाशी गेली आणि सवयीनं बंद दाराकडे तोंड करून बसली.

"आई, आज तरी इकडे तोंड कर," थोरला म्हणाला.

"ऐकू येतंय मला."

धाकटी सगळ्यांच्या शेवटी आली. दवाखान्याच्या लाँड्रीत तिची पाळी दुपारी बारा ते आठ होती; तासाची सुट्टी मागून ती धावत आली होती. हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले, बोटांच्या टोकांना सुरकुत्या. चौघांकडे बघून तिला कळलं की तिची जागा आधीच ठरली आहे. टेबलाच्या एका बाजूला तिघं होते आणि दुसऱ्या बाजूला एक स्टूल होतं.

थोरल्यानं सगळं सांगितलं. काय काय गेलं, कधी गेलं, जुळ्यांची आई कशी परत गेली. कागदाच्या पट्टीचंही सांगितलं, आणि सांगताना धाकटीकडे बघितलं.

"म्हणजे वाळवी नव्हती," धाकटी म्हणाली.

"वाळवीच म्हणायची," थोरली म्हणाली.

"वहिनी, काय म्हणायचंय ते सरळ म्हणा," धाकटा म्हणाला.

"मी कुठे काय म्हणतेय भाऊजी. चाव्या चार. एक यांच्याकडे, एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे, एक हिच्याकडे. बाहेरचं कोणी नाही. आणि जातंय काय, तर बाळाचं खाणं. आमची लेक वसतिगृहात, ती काही बाटल्या खात नाही. तुमच्या मेहुणीला बाळ झालंय ना?"

"तिला हवं असेल तर ती दारातून येऊन नेईल. सगळे नेतात तसं."

"दारातून यायला लाज वाटत असेल आता. बहीण या घरची सून आहे ना." थोरलीनं वह्यांच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "काही सवयी लहानपणापासून लागतात. त्याला कोण काय करणार."

हे वाक्य या घरात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. खुर्चीवर आईची पाठ ताठ झाली, पण ती वळली नाही.

"वहिनी, शब्द मागे घ्या," धाकटा उठून उभा राहिला. थोरल्यालाही बायकोचं बोलणं लागलं होतं. त्यानं तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. क्षणभर दोघे भाऊ एका बाजूला झाले आणि थोरली एकटी पडली.

आणि तेवढ्यात धाकट्याला मंगळवारची पिशवी आठवली. बायकोनं सकाळी गाडीत ठेवली होती, मेहुणीकडे पोचव म्हणून. वर पक्की गाठ. खड्ड्यात गाडी आदळली की आत काचेसारखं काहीतरी खणखणत होतं. तेव्हा त्यानं लक्ष दिलं नव्हतं. आता ते खणखणणं कानातून जाईना. विचारू नये हे त्याला कळत होतं. पण संशयाला एकदा वाट सापडली की तो थांबत नाही.

"मंगळवारच्या पिशवीत काय होतं गं?" त्यानं विचारलं. सगळ्यांसमोर.

धाकटीनं त्याच्याकडे बघितलं. जावेचं बोलणं तिनं ऐकून घेतलं होतं, पण हे तिला बसलं.

"रिकाम्या बाटल्या. लाँड्रीतल्या बायकांनी दिल्या. उकळून घेतल्या की दूध ठेवायला होतात."

"रिकाम्या," थोरली म्हणाली.

"हो ताई, रिकाम्या."

"गाठ मारून."

"खरं तेच सांगतेय. पाहिजे तर बहिणीला विचारा."

"बहीण सांगेलच ना बहिणीच्या बाजूनं," थोरला म्हणाला, आणि दोघे भाऊ पुन्हा दोन बाजूंना गेले; फक्त धाकटा आता बायकोच्याही बाजूला नव्हता. तो टेबलाच्या कडेचा रंग नखानं खरवडत बसला.

धाकटीच्या मनात आलं, चावी टेबलावर टाकावी आणि निघून जावं. तिला या चावीचं कौतुक होतं. ज्या दारातून मान खाली घालून आत आलो त्याच दाराची चावी आपल्या पदराला आहे, हे तिनं कोणाला कधी सांगितलं नव्हतं, पण रोज एकदा ती चावी चाचपून बघायची. आता ती जाणार होती, आणि जाताना चोर म्हणवून जाणार होती. रडायचं नाही एवढं तिनं ठरवलं आणि उगाच काहीतरी बोलायचं म्हणून खुर्चीकडे वळली.

"आई, तुम्ही कधीच्या बसलाय. जेवलात ना?"

"आत्ताच जेवले," आई म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आतच.

धाकटी तशीच उभी राहिली. ते दोन शब्द तिनं लहानपणी हजारदा ऐकले होते. शेजारीण डोकावली की तिची आई हेच म्हणायची, याच घाईनं, समोरच्याला पुढे काही विचारता येऊ नये अशा बेतानं. पोट भरलेलं माणूस असं बोलत नाही. भरल्या पोटी माणूस काय जेवलो ते सांगतं, मीठ जास्त झालं होतं म्हणून सांगतं.

आत्ताच जेवले. साडेचार वाजत होते. जाऊ सकाळी सातपासून शाळेत होती, तिच्या वरच्या मजल्याला कुलूप होतं. मग आईला जेवायला घातलं कोणी?

तिनं एकेक मनात मांडलं. ओट्स, पावडर, केळी, बाळाचं खाणं. सगळं न शिजवता खाता येणारं. चावायची गरज नसलेलं. गेल्या वर्षी दूध उतू जाऊन गॅस विझला म्हणून दादांनी आईची शेगडी काढून नेली होती, फक्त पाणी तापवायची किटली ठेवली होती. आणि आई हल्ली तोंडावर पदर धरून बोलत होती, आत्ताही धरला होता. आतल्या दारातून यायला पलंगावरून उडी मारावी लागत नाही, पलंगावरून नुसतं उठावं लागतं.

चोर सापडला होता. एक वाक्य बोललं की ती सुटणार होती. थोरल्याची मान खाली गेली असती, जावेचं तोंड बंद झालं असतं, नवऱ्यानं हात धरून माफी मागितली असती. आणि आईला चौघांसमोर त्या खुर्चीवर सांगावं लागलं असतं की मी बाळाचं खाणं खाते. ज्या बाईनं धाकटीच्या आईला कधी एक प्रश्न विचारला नाही, तिला हे तिघं प्रश्न विचारणार. कधीपासून, किती, का.

"मी नेलं," धाकटी म्हणाली.

धाकट्याचं नख थांबलं.

"मी नेलं सगळं. बाटल्या, पावडर, केळी. ही चावी." तिनं पदराची गाठ सोडली. बोटं ओली नसूनही गाठ लवकर सुटेना.

"बघा," थोरली म्हणाली, पण तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. तिला आतून वाटत होतं की कबुली जरा लवकर आली. वर्गात इतक्या लवकर कबूल होणारी मुलं बहुधा दुसऱ्याला पाठीशी घालत असतात. कोणाला? तिनं भाऊजींकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

थोरल्याला मात्र मोठं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. गुन्हेगार कबूल झाल्यावर माणसाला दयाळू होणं परवडतं. "बरं झालं बोललीस," तो म्हणाला. "मी काही कोणाला घराबाहेर काढत नाहीये. गरज कोणालाही पडते. पण रीतसर घ्यायचं. हे कार्ड उद्यापासून सगळ्यांना आहे, आपल्या घरालाही. तुझ्यापासूनच सुरुवात करू." त्यानं गठ्ठ्यातलं वरचं कार्ड काढलं, पेनचं टोपण काढलं. "नाव, वय, घरातली माणसं, कमावणारी माणसं, गरज का पडली. पाचच रकाने आहेत. यात कमीपणा काय आहे?"

खुर्चीवर आई हे ऐकत होती. धाकटीनं 'मी नेलं' म्हटलं तेव्हा पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. एक क्षणभरच, पण वाटलं होतं. आता कोणी विचारणार नाही, असा विचार तिच्या मनात येऊन गेला होता. त्याची तिला जितकी शरम वाटली, तितकी भुकेची कधी वाटली नव्हती. इतकी वर्षं ती या खुर्चीवर बसून मागे पिशव्या भरल्याचे आवाज ऐकत आली होती. कोणाचे हात घाई करतात, कोण डबा उचलून परत ठेवतं, कोण एकच उचलून उभं राहतं. आपण त्यांना समजतो असं तिला वाटायचं. गेल्या दीड महिन्यात, स्वतः अंधुक उजेडात त्या फडताळासमोर उभी राहून डबा उचलताना आणि परत ठेवताना, आपल्याला काहीच समजलेलं नव्हतं हे तिला कळलं होतं.

ती उठली. खुर्चीच्या पाठीला धरून वळली आणि टेबलाकडे तोंड करून उभी राहिली.

"तिचं कार्ड ठेव. आधी माझं भर."

"तुझं कशाला आई?"

"बाटल्या मी खाल्ल्या."

थोरला हसला. "आई, तिची दया येते हे कळतं मला. पण तिनं स्वतः कबूल—"

"ती खोटं बोलतेय."

"आणि तू खरं बोलतेयस? तू बाळाचं खाणं खातेस?"

"तुम्ही तिला आधीपासून झुकतं माप देता आई," थोरली म्हणाली. "आम्ही काही आंधळे नाही."

आईनं पदराआडून रुमाल काढला आणि टेबलावर सोडला. आत कवळी होती, मधोमध तुटून दोन तुकडे झालेली. "तीन आठवडे झाले. पाव दुधात बुडवला तरी हिरड्यांना लागतो. त्या बाटल्यातलं गिळता येतं. गाजराचं आहे ते बरं लागतं."

थोरलीनं तुकड्यांकडे बघितलं आणि घाईघाईनं म्हणाली, "पण आई, मऊ भात मागायचात हिच्याकडे. दुपारचं जेवण ही देते ना तुम्हाला?"

"मी?" धाकटी म्हणाली. "दुपारचं तुम्ही देता ताई. पहिल्यापासून."

"अगं, माझी शाळा दिवसभराची झाली ना दीड महिन्यापूर्वी. यांना सांगितलं होतं मी, धाकटीला सांगा दुपारचं बघायला म्हणून."

"मला कोणी काही बोललं नाही."

"मग रात्रीचं? रात्रीचं तर तूच देतेस."

"माझी पाळी आठला सुटायला लागली तेव्हापासून तुम्ही देता ना? हा म्हणाला, वहिनी संध्याकाळी घरीच असतात, त्या बघतील."

दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दोघींनी एकदमच आपापल्या नवऱ्याकडे बघितलं. या घरात त्या दोघी एका बाजूला झाल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

"मी आईला सांगितलं होतं," थोरला म्हणाला. "दुपारचं धाकटी बघेल म्हणून."

"मी पण आईलाच सांगितलं," धाकटा म्हणाला. "रात्रीचं वहिनी बघतील म्हणून."

"सांगितलंत," आई म्हणाली. "दोघांनीही सांगितलंत. मी बरं म्हटलं."

"म्हणजे दीड महिना..." थोरलीनं वाक्य सोडून दिलं आणि खाली बसली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे पाहुणी नव्हती, आई होती, आणि दोन्ही घरं तिच्या पोटची होती.

"पण आम्ही विचारत होतो की," थोरला म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "मी रोज विचारायचो. जेवलीस का म्हणून. तूच सांगायचीस, जेवले."

"जिन्यावरून विचारायचास. एक पाय वरच्या पायरीवर ठेवून."

"मग सांगायचं नाही का, कोणी दिलं नाही म्हणून? आपल्याच माणसांना सांगायला काय झालं?"

आईनं यावर विचार केला. चिडून बोलावं असं तिला वाटत नव्हतं. मुलाला खरंच कळत नव्हतं हे तिला दिसत होतं. "एकीचं नाव घेतलं असतं तर दुसरीला लागलं असतं. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या लक्षात येईल. दुसऱ्या दिवशी तसंच वाटलं. आठ दिवस झाल्यावर मग सांगताच येईना. इतके दिवस गप्प का बसलीस असं विचाराल, असं वाटलं. आणि खरं सांगू, मागायची सवय नाही मला. द्यायचीच आहे. इथे मागावं लागत नाही, कोणी बघत नाही, म्हणून इथे आले."

धाकटा उठला आणि धाकटीजवळ जाऊन उभा राहिला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. तो तिथेच उभा राहिला.

"जुळ्यांसाठी ठेवलेल्या होत्या ते मला ठाऊक नव्हतं," आई म्हणाली. "ते आत्ता कळलं. लेकरांच्या तोंडातलं खाल्लं मी. ते मात्र वाईट झालं."

"मी भात टाकते," थोरली उठत म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून ती पिशवीत काहीतरी शोधत होती. "वीस मिनिटांत होईल. मऊ करते."

"थांब गं जरा. भात कुठे पळून जात नाही." आई टेबलाच्या कडेला धरून स्टुलावर बसली, धाकटीसाठी मांडलेल्या स्टुलावर. मग तिनं थोरल्यापुढचं कार्ड आणि पेन बोटानं सरकवून धाकटीकडे दिलं. "वाच आणि लिही. याचा नियम सगळ्यांना आहे ना, मग मला पण आहे. नाव लिहिलंस?"

"आई, राहू दे ना आता," धाकटी म्हणाली.

"लिही."

धाकटीनं नाव लिहिलं. वय विचारलं नाही, तिला माहीत होतं, तेही लिहिलं. पुढचा रकाना वाचताना तिचा आवाज बारीक झाला.

"घरातली माणसं."

"सहा. दोन मुलगे, दोन सुना, एक नात आणि मी."

"कमावणारी माणसं."

"चार."

पेन कागदावर चालल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. थोरल्यानं हात पुढे केला, कार्ड काढून घ्यावं म्हणून असेल, पण आईनं मान हलवली आणि त्याचा हात मध्येच थांबला.

"गरज का पडली," धाकटीनं वाचलं.

"ते त्याला विचार," आई म्हणाली. "रकाना त्यानं काढलाय."

धाकटीनं कार्ड थोरल्यापुढे ठेवलं. त्यानं पेन घेतलं. खूप वेळ ते कागदावर टेकवून धरलं, पण त्याच्यानं तो रकाना भरवेना.